समुद्र किती बोटी पोसणार?

दरवर्षी १ ऑगस्टला मासेमारीवरील पावसाळी बंदी उठते. नारळी पौर्णिमाही त्याच सुमारास येते. दर्याला नारळ वाहून मालीम, शापोरा, वास्को आणि कुटबणच्या धक्क्यांवरून बोटी बाहेर पडतात, आणि महिना उलटण्याच्या आत वर्तमानपत्रांत ठरलेले मथळे झळकू लागतात. रापणकार आणि ट्रॉलरमालक यांच्यात बाचाबाची. एलईडी दिवे लावून मासेमारी. मालवणच्या हद्दीत परराज्यातील हायस्पीड बोटी. मग खात्याची बैठक होते, कडक कारवाईचे आश्वासन मिळते आणि पुढच्या हंगामापर्यंत विषय मिटतो.

आमचे बहुतेक वाचक मासेमारी करत नाहीत, ते मासे खातात. त्यामुळे हा वाद किनारपट्टीवरल्या लोकांचा आपसातला आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे अनेकांना वाटते. आम्हाला हे मान्य नाही. डिझेलवरील सवलत सर्वांच्या करातून जाते, समुद्र सर्वांच्या मालकीचा आहे, आणि खारवी व गाबित समाजाची पेडणे, मालवण, कारवार अशी तिन्ही राज्यांत पसरलेली वस्ती हा आपल्याच समाजाचा भाग आहे. म्हणून या प्रश्नावर आमची भूमिका स्पष्टपणे मांडण्याची वेळ आली आहे, असे आम्ही समजतो.

मूळ प्रश्न एका वाक्यात असा आहे : समुद्रातून जास्तीत जास्त नफा काढायचा की जास्तीत जास्त लोकांना काम द्यायचे? एक बाजू म्हणते, मासेमारी हा उद्योग आहे, त्यात भांडवल येऊ द्या, मोठ्या बोटी येऊ द्या, निर्यात वाढू द्या. दुसरी बाजू म्हणते, मासेमारी हे पोट आहे, ते हिरावून घेऊ नका. सरकार दोन्ही बाजूंना होकार देते. एका हाताने यांत्रिक बोटींना अनुदान आणि दुसऱ्या हाताने पारंपरिक मच्छीमारांना सहानुभूती. या दुहेरी होकारातच सगळा घोळ आहे.

आधी हिशोब समजून घेऊ

शेत आणि समुद्र यांत एक मोठा फरक आहे. शेताला बांध असतो, समुद्राला नाही. माझ्या शेतात मी दुप्पट मेहनत केली तर पीक वाढण्याची शक्यता असते. समुद्रात बोटी दुप्पट झाल्या म्हणून मासे दुप्पट होत नाहीत. एका मर्यादेपलीकडे ते कमीच होतात, कारण अंडी घालणारा मासाच उरत नाही. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली हा विचार नीट मांडला आणि त्यानंतर जगभरातील मत्स्यव्यवस्थापन त्याच पायावर उभे राहिले. तो समजण्यासाठी पदवी लागत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, एका खाडीमुखासमोरील समुद्रात ४० बोटी मासेमारी करतात आणि वर्षाला १६०० टन मासळी मिळते. टनाला १ लाख रुपये दराने ती १६ कोटींची झाली. प्रत्येक बोटीचा डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांची मजुरी धरून खर्च २० लाख, म्हणजे एकूण ८ कोटी. निव्वळ नफा ८ कोटी.

आता बोटी ६० झाल्या. मासळी वाढून १८०० टन झाली आणि हा त्या समुद्राचा कायमस्वरूपी उच्चांक आहे असे धरा. उत्पन्न १८ कोटी, खर्च १२ कोटी, नफा ६ कोटी. नफा घटला, पण मासळी वाढली, आणि बोटीमागे १० माणसे धरली तर ४०० ऐवजी ६०० जणांना काम मिळाले.

पण धंदा अजून फायद्यात दिसतो, म्हणून आणखी लोक बोटी आणतात. बोटी ८० होतात. समुद्रातला बीजसाठा ओसरू लागतो आणि मासळी पुन्हा १६०० टनांवर येते. उत्पन्न १६ कोटी आणि खर्चही १६ कोटी. नफा शून्य. जेवढी मासळी ४० बोटी आणत होत्या तेवढीच आता ८० बोटी आणतात. दुप्पट डिझेल जळते आणि कोणाच्याच हाती काही राहत नाही.

इथे बोटमालक ओरड करतात आणि सरकार धावून येते. प्रत्येक बोटीला ५ लाखांचे साहाय्य मिळते. मालकाचा खर्च २० लाखांवरून १५ लाखांवर आला. धंदा पुन्हा परवडू लागला, म्हणून आणखी १० बोटी आल्या. ९० बोटी झाल्यावर मासळी १३५० टनांवर घसरते, उत्पन्न साडेतेरा कोटी, मालकांचा खर्चही साडेतेरा कोटी. नफा पुन्हा शून्य. जनतेचे साडेचार कोटी रुपये खर्च करून आपण काय विकत घेतले? दहा जादा बोटी आणि २५० टन कमी मासळी!

हे आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले आहेत, पण त्यातला तर्क खरा आहे. त्यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, नफा आणि रोजगार यांच्यातला खरा वाद ४० आणि ६० यांच्यामधला आहे. तिथे दोन्ही बाजूंकडे रास्त मुद्दे आहेत आणि समाजाने निवड करायची असते. दुसरी, ६० च्या पुढे वादच संपतो, कारण तिथे नफाही जातो, मासाही जातो आणि त्यामागोमाग रोजगारही जातो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, खर्चावर सरसकट दिलेले अनुदान मच्छीमाराला वाचवत नाही. ते समुद्रातली गर्दी वाढवते. जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी २००९ मध्ये अंदाज केला होता की अशा ढिसाळ व्यवस्थापनामुळे जगाचे दरवर्षी सुमारे ५० अब्ज डॉलर बुडतात.

गोव्यात काय घडले

मुक्तीनंतर गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले ते सरकारी कर्ज आणि अनुदानाच्या आधारावर. कोळंबीला परदेशात भाव होता आणि परकीय चलन हवे होते. धोरण कागदावर आकर्षक होते. प्रत्यक्षात ट्रॉलर खोल समुद्रात जाण्याऐवजी किनाऱ्याजवळच फिरू लागले, कारण कोळंबी तिथेच होती. रापणीचे जाळे ज्या पाण्यात पडायचे त्याच पाण्याचा तळ ट्रॉलरची जाळी खरवडू लागली.

रापण ही नुसती जाळी नाही. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. त्याला तीसचाळीस माणसांचे हात लागतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, जाळ्याचा वाटा वेगळा, माणसांचा वेगळा. मासा कमी मिळाला तर सर्वांना कमी, जास्त मिळाला तर सर्वांना जास्त. अर्थशास्त्राच्या भाषेत ज्याला रोजगारप्रधान तंत्र म्हणतात ते हेच.

१९७० च्या दशकात या रापणकारांनी मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ‘गोंयच्या रापणकारांचो एकवोट’ उभारला आणि आंदोलन छेडले. त्या लढ्याचा प्रतिध्वनी देशभर उमटला. राष्ट्रीय पातळीवर मच्छीमारांची संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या नेतृत्वात साल्ढाणा होते. १९८० मध्ये गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव झाला. त्याच वर्षी केरळचा कायदा आला, १९८१ मध्ये महाराष्ट्राचा आणि १९८६ मध्ये कर्नाटकचा. आज देशभर जी किनारा-राखीव पट्ट्याची व्यवस्था दिसते, तिच्यामागे गोव्याच्या रापणकारांचा घाम आहे. गोव्याच्या शाळांतून हे शिकवले जायला हवे, असे आम्हाला वाटते.

पण कायदा झाला आणि कायदा चालला यात फरक असतो. ट्रॉलरनंतर पर्ससीन आले. बांगडा आणि तारली थवे करून फिरतात. पर्ससीनचे जाळे अख्ख्या थव्याला वेढा घालते. त्यानंतर एलईडी आले. रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावायचे, मासा प्रकाशाकडे ओढला जातो आणि लहानमोठा सगळा एकदम जाळ्यात येतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी आणि बुल ट्रॉलिंग या दोन्हींवर बंदी घातली. बंदी कागदावर आहे. समुद्रात दिवे अजूनही दिसतात, हे किनाऱ्यावरला शेंबडा पोरही सांगेल.

आम्ही इथे केवळ बोटमालकांना दोष देणार नाही. आज धक्क्यावर उभा असलेला प्रत्येक मालक धनदांडगा नाही. अनेकांनी दागिने गहाण ठेवून, बँकेचे कर्ज काढून बोट घेतली आहे. हप्ता दर महिन्याला येतो, मासा मात्र येईलच असे नाही. शेजारच्या बोटीने दिवे लावले आणि आपण लावले नाहीत, तर आपली फेरी रिकामी जाते. ८० बोटींच्या समुद्रात प्रामाणिक माणसाचा तोटा होतो, हे त्या व्यवस्थेचे खरे पाप आहे. म्हणूनच नफा हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांशी आमचे जमत नाही. ज्या बोटीला रास्त नफा मिळतो ती बोट पिल्ले सोडून देऊ शकते, बंदी पाळू शकते, खलाशाला वेळेवर पगार देऊ शकते. तोट्यातली बोट यातले काहीच करू शकत नाही.

ज्यांनी आधी ठेच खाल्ली त्यांच्याकडून

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. जगात तीन देशांनी तीन प्रकारे ठेच खाल्ली आहे.

पहिला कॅनडा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशावर शेकडो वर्षे गावे जगली. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार सांगत होते की मासा कमी होत आहे, आकारही लहान होत आहे. पण मर्यादा कमी केली तर कारखाने बंद पडतील, रोजगार जाईल, या भीतीने मासेमारीची मर्यादा चढीच ठेवली गेली. अखेर २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी पूर्ण थांबवावी लागली. सुमारे ३० हजार माणसे बेकार झाली. तिथली व्यावसायिक मासेमारी पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली ती तब्बल ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये, आणि तीही जुन्या मानाने अगदी थोड्या प्रमाणात. रोजगार वाचवण्यासाठी मासा संपवला आणि माशाबरोबर रोजगारही संपला. तेलही गेले, तूपही गेले.

दुसरा आइसलंड. त्यांनी १९८४ पासून प्रत्येक बोटीला मासळीचा वाटा ठरवून दिला आणि १९९० च्या कायद्याने तो वाटा विकण्या-विकत घेण्याची पूर्ण मोकळीक दिली. अर्थशास्त्रज्ञ खूश झाले. बोटी घटल्या, नफा वाढला, मासाही सावरला. पण वाटे मोठ्या कंपन्यांकडे एकवटले आणि छोट्या गावांसमोरच्या समुद्रात मासा असूनही तो पकडण्याचा हक्क गावाकडे उरला नाही. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ही वाटपपद्धत भेदभाव करणारी ठरवली. २००९ पासून आइसलंडला छोट्या बोटींच्या गळ मासेमारीसाठी उन्हाळ्यात वेगळी वाट मोकळी करून द्यावी लागली. धडा असा की फक्त नफ्याच्या मापाने चाललात तर मासा वाचेल, गाव वाचेलच असे नाही.

तिसरा नॉर्वे, आणि त्याची गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. केरळात १९५० च्या दशकात यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प नॉर्वेच्या मदतीने आला आणि तिथून कोळंबीसाठी ट्रॉलिंगची लाट भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. पण त्याच नॉर्वेने स्वतःच्या घरात १९३० च्या दशकातच ट्रॉलरवर निर्बंध घातले होते! १९३८ च्या कायद्याने मासळीच्या पहिल्या विक्रीचा हक्क मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघटनांना दिला, म्हणजे दलालाने भाव पाडू नये. बोटीचा मालक हा प्रत्यक्ष मासेमारी करणारा असावा, हे तत्त्वही तिथे कायद्यात आहे, त्याला काही अपवाद असले तरी. नॉर्वेतही मच्छीमारांची संख्या घटली. १९४० च्या दशकात ती एक लाखाच्या वर होती, आता दहा-अकरा हजारांच्या घरात आहे. पण तिथे ती अर्धशतकभर हळूहळू घटली आणि बाहेर पडणाऱ्याला दुसरे काम मिळाले. आपल्याकडे बाहेर पडणाऱ्या खारव्याच्या मुलासाठी दुसरे काय आहे? पर्यटकांच्या बोटीवर मदतनीस, शॅकमध्ये वेटर, नाही तर आखाताचा रस्ता. म्हणून त्यांचे सगळेच जसेच्या तसे उचलून चालणार नाही.

रोजगार, पण कोणाचा?

रोजगाराच्या नावाने बोलणाऱ्यांनाही आम्ही एक प्रश्न विचारतो. आज गोव्याच्या ट्रॉलरवर आणि पर्ससीनवर काम कोण करतो? ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटक अशा राज्यांतून आलेली मुले. त्यांच्या कष्टावर हा धंदा उभा आहे. त्यांनी कोणाची भाकरी हिसकावलेली नाही. ज्या मजुरीत आणि ज्या अवस्थेत ते राहतात त्यात स्थानिक तरुण राहायला तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ च्या पावसाळ्यात कुटबण धक्क्यावर कॉलऱ्याची साथ आली आणि या कामगारांपैकी काही जण दगावले. एकविसाव्या शतकात, श्रीमंत म्हणवणाऱ्या गोव्यात, पिण्याचे शुद्ध पाणी आणि शौचालय यांच्या अभावी माणसे मरतात आणि आपण रोजगारनिर्मितीची भाषणे करतो! रोजगार म्हणजे नुसते डोके मोजणे नव्हे. ज्या कामातून घर चालते आणि माणूस माणसासारखा राहतो, तो रोजगार.

दुसरे, रोजगार मोजताना आपण फक्त बोटीवरचे पुरुष मोजतो. मडगाव, म्हापसा, पणजीच्या बाजारात पाटी घेऊन बसणारी बाई त्यात नसते. तिच्याकडे येणारी मासळी पूर्वी गावच्या होडीतून, गावच्या किनाऱ्यावरून यायची. मोठ्या धक्क्यावर टनावारी उतरलेली मासळी थेट लॉरीत, बर्फात आणि निर्यातीला जाते. त्यातली बारीक, अपरिपक्व मासळी फिशमीलच्या कारखान्यात जाते. एक किलो फिशमीलसाठी सुमारे चार ते पाच किलो ओली मासळी लागते. उद्या मोठी होऊन ताटात आली असती ती तारली आज कोंबड्यांचे आणि कोळंबीचे खाद्य होते. यात बाईचा रोजगार गेला, ग्राहकाची स्वस्त मासळी गेली आणि समुद्राचे बीजही गेले. २०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या भीतीने गोव्याने बाहेरच्या मासळीवर काही काळ बंदी घातली तेव्हा आपल्याला कळले की किनाऱ्यावर राहूनही आपण बाहेरून येणाऱ्या ट्रकवर किती अवलंबून आहोत.

तारलीचेच उदाहरण पुरेसे बोलके आहे. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली ती जेमतेम ३३०० टन मिळाली. यात समुद्राच्या तापमानाचा आणि प्रवाहांचा मोठा वाटा आहे, हे शास्त्रज्ञ सांगतात आणि ते खरे आहे. पण निसर्ग हात आखडता घेत असताना पिल्ले पकडत राहणे म्हणजे दुष्काळात बियाणे दळून खाणे आहे.

समुद्र एक, कायदे तीन

बांगड्याला राज्याची सीमा कळत नाही. तो कारवारसमोर असतो, तोच पुढे काणकोणसमोर, तोच वेंगुर्ल्यासमोर. पण नियम तीन राज्यांचे तीन. महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांची मुभा दिली. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून दंड वाढवले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. ही पावले योग्य आहेत. पण शेजारच्या राज्यात तोच नियम नसेल तर मालवणच्या मच्छीमाराने सोडलेला लहान बांगडा दहा मैलांवर दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. मग तो म्हणतो, मी का सोडू? त्याला उत्तर देणे कठीण आहे.

भाषावार प्रांतरचनेत हा किनारा तीन राज्यांत वाटला गेला. त्या वाटणीबद्दल आमची मते वाचकांना माहीत आहेत, ती इथे पुन्हा उगाळत नाही. पण मासेमारीपुरता तरी हा किनारा एक मानावा लागेल. केंद्राने २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी बंदी लागू केली. बंदीचा काळ एक होऊ शकतो, तर माशाचा किमान आकार, पर्ससीनचे महिने आणि दंड एक का होऊ शकत नाहीत?

आमचे म्हणणे

आमच्या मते नफा की रोजगार या प्रश्नाचे उत्तर एकच एक नाही. ते समुद्राच्या पट्ट्याप्रमाणे वेगळे आहे. क्रम मात्र ठाम असावा. आधी मासा, मग माणूस, मग नफा. मासा टिकेल एवढीच मासेमारी. त्या मर्यादेत किनाऱ्याजवळच्या पाण्यात ज्या पद्धतीने जास्त हातांना काम मिळते तिला पहिला हक्क. आणि दूरच्या, खोल पाण्यात, जिथे होडी पोहोचत नाही, तिथे कार्यक्षम बोटींना नफा कमावू द्यावा, पण मोजक्या संख्येने आणि स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम देऊन. या भूमिकेतून आम्ही पुढील मागण्या करतो.

एक, यांत्रिक बोटींचे नवे परवाने थांबवावेत. जुनी बोट मोडीत निघाल्यास तिच्या जागी जास्त अश्वशक्तीची बोट येऊ नये. बोटींची संख्या तेवढीच आणि इंजिने दुप्पट, ही पळवाट बंद व्हावी. ज्या कर्जबाजारी मालकाला धंदा सोडायचा आहे त्याची बोट सरकारने रास्त किमतीत घेऊन मोडीत काढावी. त्यासाठी पैसा लागेल, पण तो एकदाच लागेल. अनुदान दरवर्षी लागते.

दोन, डिझेलच्या लिटरमागे दिली जाणारी सवलत टप्प्याटप्प्याने नियमपालनाशी जोडावी. राखीव पट्ट्यात घुसलेल्या किंवा एलईडी लावलेल्या बोटीची सवलत त्या हंगामापुरती पूर्ण रद्द व्हावी. वाचलेला पैसा बंदीच्या दोन महिन्यांत खलाशी, रापणकार आणि मासळी विकणाऱ्या महिलांना निर्वाह साहाय्य म्हणून द्यावा.

तीन, ५ किलोमीटरचा पट्टा १९८० च्या कायद्यात आहे, तो समुद्रातही दिसावा. बोटींवर आता ट्रान्सपॉण्डर बसवले जात आहेत. त्यांची माहिती केवळ वादळाच्या इशाऱ्यासाठी न ठेवता हद्द मोडणाऱ्यावर कारवाईसाठी वापरावी. एलईडी सापडल्यास नुसता दंड नको, जनरेटरसह जप्ती हवी. चार-पाच रात्रींच्या कमाईत फिटणारा दंड हा दंड नसतो, ते भाडे असते.

चार, परवाना ज्याच्या नावावर, धंदा त्याचाच हवा. नावापुरता परवाना घेऊन बोट दुसऱ्याला चालवायला देणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा.

पाच, प्रत्येक धक्क्यावर खलाशांची नोंदणी, विमा, शुद्ध पाणी, शौचालये आणि दवाखाना असावा. हे नसेल तिथे मासळी उतरवायला परवानगी नसावी.

सहा, तिन्ही राज्यांच्या मत्स्य खात्यांची कायम संयुक्त समिती असावी. तिच्यावर रापणकार, होडीवाले, बोटमालक आणि मासळी विक्रेत्या महिला या सर्वांचे प्रतिनिधी हवेत. बांगड्याचा किमान आकार १४ सेंटिमीटर आणि तारलीचा १० सेंटिमीटर, असे मासळीशास्त्राने सांगितलेले माप किनारभर एकच असावे. आणि हे नियम धक्क्याधक्क्यावर मराठी, कोकणी व कन्नडमध्ये तसेच खलाशांना कळेल अशा हिंदी व उडियातही लावावेत. जो नियम वाचता येत नाही तो पाळला जाण्याची अपेक्षा करणे ही थट्टा आहे.

सात, रापणीच्या जागा वाचवाव्यात. जाळे ओढायला किनारा लागतो आणि होडी ठेवायला वाळू लागते. पर्यटनाच्या आराखड्यात ही जागा आधी आखून घ्यावी. शॅकवाल्यांना आणि हॉटेलांना उरलेली द्यावी.

निवडणुकीपूर्वी विचारायचे प्रश्न

यातील एकही मागणी अशक्य नाही. अडचण पैशाची नाही आणि शास्त्राचीही नाही. अडचण अशी आहे की बोटींची संख्या रोखण्याने कोणाला तरी आज नाराज करावे लागते आणि त्याचा फायदा दिसायला तीन-चार वर्षे लागतात. मधे निवडणूक येते. म्हणून प्रत्येक सरकार आजच्या मतासाठी उद्याचा मासा विकत आले आहे. याला कुठलाही पक्ष अपवाद नाही.

ही सवय मोडायची असेल तर दबाव किनाऱ्याबाहेरूनही यावा लागेल. मच्छीमार आपसात विभागलेले आहेत, रापणकार एकीकडे, ट्रॉलरवाले दुसरीकडे, पर्ससीनवाले तिसरीकडे, आणि राजकारण्यांना तेच सोयीचे आहे. पण मासे खाणारा मतदार फोंड्यात आहे, डिचोलीत आहे, साखळीत आहे. त्याने उमेदवाराला दारात दोनच प्रश्न विचारावेत. समुद्रात किती बोटी असाव्यात असे तुम्हाला वाटते? आणि तो आकडा पाळण्यासाठी तुम्ही कोणाला नाही म्हणायला तयार आहात? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्याच्या उत्तराला किंमत नाही.

समुद्र कोणाला मत देत नाही आणि कोणाचे कर्जही माफ करत नाही. तो फक्त हिशोब ठेवतो. कॅनडाच्या गावांना तो एका दिवसात चुकता करावा लागला. आपल्याकडे अजून रापण ओढणारे हात आहेत, पाटी घेऊन बसणाऱ्या बायका आहेत, धक्क्यावर बांगडा उतरतो आहे. तोवर साठाच्या आकड्यावर थांबण्याची संधी आहे. नव्वदच्या पुढे गेल्यावर नफ्याबद्दल बोलायला कोणी उरणार नाही आणि रोजगाराबद्दलही नाही.